रेवाच्या आत्याला गाठताना

निघण्याआधी

दहा महिन्यांच्या मुलीला घेऊन पुण्याहून परभणीला गाडीने जाणार, असं सांगितल्यावर माझी आई फोनवर फक्त "बरं" म्हणाली. आई चिपळूणची. तिच्या एका 'बरं'मध्ये काय काय असतं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून मी जय्यत तयारीला लागले. दोन थर्मास, तापमापक, नाचणीसत्त्व, मच्छरदाणी, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणि न लिहून दिलेलीही. माझा नवरा दत्ता निमूटपणे सगळं डिकीत भरत होता. मिक्सर दिसला तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"केतकी, माझ्या गावात वीज आहे. मिक्सरही आहेत."

"रेवाचं भांडं वेगळं लागतं," मी म्हटलं, आणि मिक्सर गेला.

रेवा म्हणजे आमची मुलगी. खरं तर हे नाव तिला रीतसर मिळालेलंच नव्हतं, आणि आम्ही निघालो होतो ते त्याचसाठी.

दत्ताचे आईवडील तो लहान असतानाच गेले. त्याला वाढवलं ते त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या बहिणीने, सुमनताईंनी. लग्न होऊन त्या चारठाण्याला गेल्या तेव्हा पाठोपाठ हा धाकटा भाऊही सासरी गेला. ताई आणि दाजी दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि ऊन तापलं की परत येतात. तसं राबून त्यांनी दत्ताला इंजिनियर केलं. रेवाचा जन्म झाला तेव्हा ताई उसाच्या फडावर होत्या आणि बारशालाही फडावरच होत्या.

बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, हे कोकणातही असंच आहे, त्यामुळे मला माहीत नव्हतं अशी सबब मला नाही. नाव सांगून झालं की बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत बुक्के घालतात आणि आत्या "मेले गं बाई" म्हणत मिरवून घेते. दत्ता म्हणत होता, ताई येईपर्यंत थांबू. मी म्हटलं, तोवर काय बाळाला 'ए' म्हणून हाक मारायची? आणि मीच तोडगा काढला. ताईंनी व्हिडिओ कॉलवरून कुर्र करायचं, आम्ही फोन बाळाच्या कानाला लावायचा. माझा तोडगा मला फार आवडला होता.

त्या दिवशी ताई नवी साडी नेसून, रेंज मिळावी म्हणून बांधावर चढून उभ्या होत्या. कॉल लागला, त्या दिसल्या, हसल्या, आणि चित्र गोठलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाहुणे ताटकळले, रेवा पाळण्यात रडायला लागली. मी माझ्या मावसबहिणीला म्हटलं, "तू म्हणून टाक गं, ताई नंतर म्हणतील." तिने कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले, आणि नेमकं तेव्हाच फोनमधलं चित्र हललं. ताईंनी सगळं पाहिलं. कॉल बंद झाला, आणि या खेपेला तो रेंजमुळे बंद झाला नव्हता.

तेव्हापासून ताई दत्ताचा फोन उचलत नव्हत्या. उन्हाळ्यात त्या परत आल्या. आम्ही आधी ऊन फार आहे म्हणालो, मग पेरण्या आहेत म्हणालो, मग पाऊस. खरं म्हणजे तोंड दाखवायचं धैर्य होत नव्हतं, माझं तर मुळीच. एक गोष्ट मात्र दत्ताने मला कितीदा तरी दाखवली होती. रेवाचा फोटो स्टेटसला ठेवला की पाहणाऱ्यांत पहिलं नाव ताईंचं असायचं. पाहायच्या, पण बोलायच्या नाहीत.

दसरा झाला आणि कळलं, ताईंची टोळी रविवारी निघणार. एकदा निघाली की पुन्हा सहा महिने भेट नाही. आम्ही शुक्रवारी पहाटे गाडी काढली.

पाथरी

ढालेगावला गोदावरी ओलांडली आणि परभणी जिल्हा लागला. दत्ता एकदम ताठ बसला, जणू जिल्हा त्याच्या नावावर आहे. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापलेल्या सोयाबीनच्या गंजी, तुरीला पिवळी फुलं, आणि कापूस असा फुटलेला की माझी डोंगर शोधायची सवय मी दहा मिनिटांत विसरले. आमच्याकडे शंभर पावलं चाललं की चढ लागतो. इथे नजर सोडली की जातच राहते.

पाथरीला चहाला थांबलो. हॉटेल नवराबायको चालवत होते. बाईंनी हात पुसले आणि सरळ रेवाकडे पसरले. आमची रेवा त्या दिवसांत आईबाप सोडून कुणाकडेही जात नव्हती. शेजारच्या आजी, पाळणाघराच्या ताई, सगळ्यांना तिने रडून परत पाठवलं होतं. तिने असा काही टाहो फोडला की नवऱ्याने आतून विचारलं, "काय झालं वं?"

"काई न्हाई, वळख न्हाई आजून," बाई म्हणाल्या. त्यांना काहीच वाटलं नाही. बशीत सुशीला आणून ठेवला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, शेंगदाण्याचं कूट घातलेला पोह्यांचा भाऊ. "नाव काय लेकराचं?"

"रेवा."

"आत्याची आवड का?"

मी चमचा तोंडात घातला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही. दत्ता मात्र चहाच्या कपात बघत बसला. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "रेवा तिच्याकडेही अशीच रडली तर?"

मला तोवर हा विचारच सुचला नव्हता. मग पुढचे तीस किलोमीटर दुसरं काही सुचलं नाही.

पेडगाव

मुक्काम पेडगावला दत्ताच्या चुलतभावाकडे, नामदेवभाऊंकडे. पोचल्या पोचल्या जाऊबाईंनी भाकरीचा तुकडा रेवावरून ओवाळून टाकला. माझं नाचणीसत्त्व पिशवीतच राहिलं, कारण जाऊबाईंनी मुगाच्या वरणात मऊ भाकरी कुस्करली आणि रेवाने ती माझ्या हातून वाटीभर खाल्ली. आम्हाला धपाटे, दही, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि येसराची आमटी. भाजलेल्या धान्यामसाल्यांचं ते येसर जेवणात असं काही उतरतं, की मी तीन धपाटे खाऊन चौथ्याला नको म्हणायचं नाटक केलं.

"तुमच्यात समद्यात खोबरं घालतेत म्हनं," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि तुमच्यात सगळ्यात शेंगदाणे."

"मंग! खोबरं झाडावर चढून काढावं लागतंय. शेंगा बसल्या जागी उपटता येतेत." कोकणाने हार मानून चौथा धपाटा घेतला.

बारशाचा विषय मीच काढला. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "सुमनबाईला नावाचं काई न्हाई वाटलं. तिला वाटलं, भावाच्या घरात आता आपली गरज न्हाई."

दत्ता अंगणात रेवाला खेळवत होता. त्याने ऐकलं की नाही, मी विचारलं नाही.

शनिवारी निवांत उठून, आंघोळी करून चारठाण्याला जायचं, दिवसभर ताईंजवळ राहायचं, रविवारी त्यांना निरोप द्यायचा असा बेत होता. सकाळी नामदेवभाऊंनी आम्ही येतोय हे सांगायला दाजींना फोन लावला. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"टोळीच्या मुकादमानं दिवस बदलला. ट्रॅक्टर आजच जायलाय. बारा वाजता."

साडेआठ झाले होते. मिक्सर पेडगावलाच राहिला.

जिंतूरचा रस्ता

परभणी शहर ओलांडलं, झरी गेलं. बोरी यायच्या आधी रेवाने रडायला सुरुवात केली. भूक, ओला लंगोट आणि ऊन असं तिन्ही एकदम. चालत्या गाडीत पाजायचा प्रयत्न फसला. रस्त्यापासून दहा पावलांवर लिंबाचं छान झाड होतं, खाली गार सावली.

"तिथे घे," मी म्हटलं.

"ती काळी माती आहे. पाऊस झालाय. डांबरावरच थांबू."

"उन्हात? दत्ता, जमीन सुकलेली दिसतेय. घे आत."

मी तांबड्या जांभ्या मातीतली. आमच्याकडे पाऊस थांबला की तासाभरात अंगणात रांगोळी काढता येते. हा त्या काळ्या मातीत जन्मलेला, पण मुलगी रडत होती आणि मी ओरडत होते. त्याने गाडी आत घेतली. पुढची चाकं वरच्या सुकलेल्या पापुद्र्यातून खाली गेली ती अर्धी गेली.

"बोल," मी म्हटलं. "काय बोलायचं ते बोल."

त्याने फक्त घड्याळ बघितलं. सव्वादहा. त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं तसा माझा सगळा तोरा उतरला. मी झाडाखाली बसून रेवाला पाजायला घेतलं आणि पदराआड स्वतःही रडून घेतलं.

शेजारच्या रानात चार बायका कापूस वेचत होत्या. त्यातल्या थोरल्या मावशी कमरेची ओटी सावरत आल्या. गाडी पाहिली, मला पाहिलं, आणि माझ्याशेजारी फतकल मारून बसल्या.

"कुठं जायलाव?"

"चारठाण्याला. हिच्या आत्याकडे."

"आत्यानं काय नाव ठिवलं?"

दोन दिवसांत दुसऱ्यांदा हाच प्रश्न. या वेळी चमचा नव्हता. मी सगळं सांगून टाकलं, बारसं, फोन, मावसबहीण, बुक्के, बारा वाजता निघणारा ट्रॅक्टर. मावशींनी शेवटी कपाळावर हात मारला.

"मंग बिननावाचं लेकरू घिऊन हिंडायलाव की तुमी!" आणि उठून रानाकडे बघून हाळी दिली, "ए पोरींनो, कापूस ऱ्हाऊ द्या! इकडं या पळत! हिची आत्या चाललीय!"

बांधावर रचलेल्या जुन्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, चाकांखाली गेल्या. मी रिव्हर्स टाकून स्टिअरिंगवर, पुढून दत्ता आणि तिघी ढकलायला, रेवा मावशींच्या कडेवर किंचाळत. दोनदा चाकं जागच्या जागी फिरली आणि दत्ताचा शर्ट काळा झाला. तिसऱ्यांदा गाडी डांबरावर चढली. पाऊण तास गेला होता. मी बायकांना चिवडा, लाडू, जे हाताला लागेल ते द्यायला लागले. मावशींनी रेवा माझ्या हातात दिली. "नाव ठिवल्यावर यिताना सांगून जा. आमी हितंच हाव."

चारठाणा

पोचायला बारा वाजून चाळीस मिनिटं झाली. चारठाण्यात जिकडे तिकडे जुनी दगडी देवळं. कुणाच्या अंगणाला नक्षीच्या खांबाचा आधार, कुणाची शेळी कोरीव दगडाला बांधलेली. अशाच एका देवळासमोर ट्रॅक्टर उभा होता. नारळ फुटला होता, इंजिन चालू होतं. ट्रॉलीत अंथरुणांच्या वळकट्या, पाण्याचे ड्रम, फडावर राहायच्या झोपड्यांच्या, कोप्यांच्या तट्ट्या, कोयत्यांची जुडी, दोन शेळ्या, आणि सगळ्यावर बसलेली माणसं. खाली उभा राहून मुकादम ओरडत होता.

"आवं सापडला का न्हाई तवा?"

"न्हाई ना!" ट्रॉलीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या.

दाजी आमच्याकडे धावत आले. हळूच म्हणाले, "घंटाभरापासून तवा हुडकायलीय. तवा माझ्या पोत्यात हाय. मला डोळ्यानं दटावलं, बोलू नको म्हनून."

त्या सुमनताई. वळल्या. दत्ताकडे पाहिलं, चिखलाने भरलेल्या शर्टाकडे पाहिलं. "जेवलास का?" एवढंच म्हणाल्या. बारशानंतरचे पहिले दोन शब्द. दत्ताने मान हलवून नाही म्हटलं आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

मी पुढे झाले. वाटेत पाठ केलेलं भाषण आठवेना. "ताई, माझी चूक झाली. मी थांबायला हवं होतं." मग जे दत्तालाही सांगितलं नव्हतं ते मी म्हणाले, "तुम्हाला दुसरं नाव ठेवायचं असेल तर तेच ठेवू. कागदावरचं बदलू."

मी रेवाला त्यांच्याकडे द्यायला हात पुढे केले. रेवाने ओठ काढलाच. ताईंनी तिला घेतलं नाही.

"थांब," त्या म्हणाल्या. "तशी न्हाई यायची ती. खाली ठिव."

देवळाच्या ओट्यावर मी चादर टाकून रेवाला बसवलं. ताई हातभर अंतरावर बसल्या, तिच्याकडे पाठ करून. एका बोचक्यातून काहीतरी काढलं आणि त्याचे गोंडे मोकळे करत बसल्या. "लेकराकडं आपुन बघायचं न्हाई. त्याला बघू द्यायचं," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. मुकादमाने इंजिन बंद केलं.

रेवा बघत राहिली. मग दोन हात टेकले. रांगली. थांबली, माझ्याकडे वळून पाहिलं. पुन्हा रांगली, आणि ताईंच्या पाठीला धरून उभी राहून गोंड्याकडे हात लांबवला. ताईंनी गोंडा तिच्या हातात येऊ दिला. मग मागे न बघताच हात नेऊन तिला अलगद पुढे, मांडीत घेतलं. रेवा रडली नाही. ट्रॉलीतल्या बायका भराभर खाली उतरायला लागल्या होत्या.

ते गोंडे कुंचीचे होते. डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी, हिरव्या खणाची, कडेला जरीची पट्टी. ताईंनी ती रेवाला घातली. दहा महिन्यांच्या चांगल्या अंगापिंडाच्या मुलीला ती अगदी मापात बसली.

मग त्यांनी रेवाच्या कानाशी तोंड नेलं आणि असं लांबलचक कुर्र केलं की रेवा खिदळली. "रेवा," ताई म्हणाल्या. पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "रेवा नाव ठिवलं." माझ्याकडे वळल्या. "चांगलं हाय की नाव. नावावर कुठं राग व्हता माझा?"

एवढं होईतो पहिला बुक्का बसला होता. टोळीतल्या बायकांचे हात ते, कोयता धरणारे. ताई "मेले वं" म्हणत वाकल्या, हसल्या, आणि मी मागेच उभी आहे हे पाहून म्हणाल्या, "तू बी घाल की. का आता फोनवरून घालायलीस?"

मी घातला. आणि मग तशीच त्यांच्या पाठीवर डोकं टेकून राहिले.

ट्रॉलीवर चढताना ताईंनी दत्ताच्या हातात भाकरी-चटणीचं फडकं दिलं. मला म्हणाल्या, "कुंची धुतलीस तर सावलीत वाळव. खाली कापड दुमडून ठिवलंय. मी आले की उसवून देते." ट्रॅक्टर सुरू झाला. पोत्यातून तवा काढून दाजींनी मुकादमाला दाखवला, आणि मुकादमाने दोघांना हात जोडले.

परतीचा रस्ता

मावशींना नाव सांगायला बोरीकडे निघालो. रेवा मांडीवर झोपली होती. मी कुंची काढून घडी घालायला उलटी केली तर आतल्या बाजूला शिवणीजवळ सुईच्या भोकांची एक बारीक ओळ दिसली. तिच्यापुढे बोटभर अंतरावर दुसरी, आणि त्यापुढे आताची शिवण, हातानेच घातलेली. पहिली ओळ इतकी आत होती की त्या मापाची कुंची फार तर दीड महिन्याच्या बाळाला झाली असती. ती बारशाची. दुसरी पाचेक महिन्यांची. तिसरी आजची. रेवाला त्यांनी आजच्या आधी कधी हातात घेतलं नव्हतं. माप घ्यायला त्यांच्याकडे होते ते फक्त स्टेटसचे फोटो. आमचा फोन उचलत नव्हत्या त्या दिवसांत ताईंनी ती कुंची दोनदा उसवून पुन्हा शिवली होती.

मी दत्ताला दाखवलं. त्याने शिवणीवरून बोट फिरवलं, समोर पाहिलं, पुन्हा शिवणीकडे पाहिलं.

"जरा गाडी थांबवतो," तो म्हणाला. त्याला पुढचं दिसत नव्हतं.

"थांबव," मी म्हटलं. "पण डांबरावर."